अंगठे धरायची शिक्षा

मुलगा उन्हात पडल्यावर तुम्ही काय केलंत, असं बाईंनी विचारलं. तोंडावर पाणी मारलं आणि परत उभा केला, असं मी सांगितलं. एवढंच नातीला इंग्रजीत सांगायचं होतं. तिनं सांगितलं नाही. वर्गातली वीस-पंचवीस मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"सांग की," मी म्हटलं.

"आजी, मी हे नाही सांगणार," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मी फळ्यापाशी एकटी उभी राहिले.

ही अमेरिकेतल्या शॉमबर्गची गोष्ट, दोन हजार चारच्या हिवाळ्यातली. नात पाचवीत होती. त्यांच्या बाई युरोप शिकवत होत्या, पण नद्या-डोंगर नव्हेत. कोणत्या देशात मुलांना घरी कसं वाढवतात आणि त्यामुळे मोठेपणी त्यांना काय मोलाचं वाटतं, हा विषय होता. म्हणून मुलांच्या आजी-आजोबांना बोलावलं होतं. तुलनेसाठी युरोपबाहेरचं एक माणूस हवं होतं. नातीनं स्वतःहून माझं नाव दिलं.

मी चौथी शिकलेली. वर्गात बोलायला मला कोण बोलावणार? मुलाकडे येऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी आठला सगळे जायचे, ते साडेतीनला नात बसमधून उतरेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. फोन वाजला तरी मी उचलत नसे, इंग्रजीत काय बोलणार? त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले आणि वरून मुलाचं जाड जॅकेट चढवलं.

आधी पोलंडची एक आजी बोलली. खोटं बोललं की तिची आई तिला वाळलेल्या वाटाण्यांवर गुडघे टेकून बसवायची. मुलं हसली, तीही हसली. मग इटलीचे आजोबा. त्यांच्याकडे आई जेवायला बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. त्यांनी एकदा घेतला, तर वडिलांनी पुढचं ताट उचलून नेलं. नात शेजारी बसून मला हे सगळं मराठीत सांगत होती. माझी पाळी आली तेव्हा आमच्याकडचं इंग्रजीत सांगताना तिला कोण उत्साह.

मी सांगितलं ते असं. मुलगा सात वर्षांचा होता. शाळा बुडवून विहिरीवर पोहायला गेला आणि शाळेत होतो म्हणाला. केस ओले होते. मी त्याला अंगणात अंगठे धरायला लावले. वाकून पायाचे अंगठे धरायचे, गुडघे मोडायचे नाहीत. चैत्रातलं ऊन होतं. खरं बोलेपर्यंत सोडणार नाही म्हटलं. तो पडला, इथवर मी सांगितलं, तेव्हा बाईंनी तो प्रश्न विचारला.

शेवटी मला सांगायचं होतं की त्यानंतर तो कधी खोटं बोलला नाही. ते राहूनच गेलं.

संध्याकाळी जेवताना नातीनं बापाला विचारलं, "बाबा, इज इट ट्रू?"

त्यानं आधी घास संपवला. "हो," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आई, वर्गात कशाला सांगितलंस?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण सांगायचं तर मी सांगितलं असतं."

मी म्हटलं, त्यानंतर तू कधी खोटं बोलला नाहीस, ते तरी खरं ना?

"बोललो की," तो म्हणाला. "तुला कळलं नाही, एवढंच."

सून हसली. नात हसली नाही.

त्याआधी नात बसमधून उतरली की दप्तर माझ्या हातात द्यायची. घरी आल्यावर आम्ही दोघी सोफ्यावर चिवडा खात बसायचो आणि ती शाळेतलं सांगायची. दुसऱ्या दिवसापासून दप्तर तिनं स्वतःच धरलं. आली की सरळ वर जायची. दार लावायची. मी चिवड्याची वाटी जिन्याच्या पायरीवर ठेवायचे. कधी ती रिकामी व्हायची, कधी तशीच राहायची. शाळेतून परत बोलावणं आलं नाही.

त्या हिवाळ्यात विचार करायला वेळ भरपूर होता. पोलंडच्या आजीनं सांगितलं ते तिच्या गुडघ्यांचं होतं. इटलीच्या आजोबांनी सांगितलं ते त्यांच्या ताटाचं होतं. मी अंगठे कधी धरलेच नव्हते. उन्हात माझा मुलगा उभा होता. मी ओसरीवर सावलीत बसून तांदूळ निवडत होते.