दामूच्या आवाजातला बॉक्सर

वाणगावच्या बाजारात भाजी घेत होतो तेव्हा दामूच्या गावाहून, सायवनहून फोन आला. दामू गेला. शाळेपासूनचा माझा मित्र. पिशवी तिथेच टाकून निघालो... वाटभर डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, याचा आवाज आपण कुणीच कधी रेकॉर्ड करून ठेवला नाही.

लग्नाकार्यात पाड्यापाड्यांवर पडदा लावून दामू सिनेमे दाखवायचा. त्याचा जीव मात्र एका जुन्या, काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमावर जडलेला. उतरत्या वयातल्या एका बॉक्सरची गोष्ट. इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून हा पठ्ठ्या आवाज पार बंद करायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून बॉक्सर, त्याची बायको, पंच, सगळ्यांचं स्वतःच बोलायचा. शेवटची लढत हरल्यावर बॉक्सरच्या सुजलेल्या बोटांनी शर्टाचं बटण लागत नाही, आणि बायको त्याच्याकडे न बघता ते लावून देते. तिथे दामू बायकोच्या आवाजात एवढंच म्हणायचा, “चल घरा. भात निवला.” बाया डोळे पुसायच्या. मी एकदा मारामारीची तारीफ केली तर माझ्यावरच भडकला. “मार खायची ॲक्टिंग कोनी पन करील. बटन लागत नाय तवा त्याचं तोंड बघ. रडत नाय, हसत नाय... लाजतो तो!”

मग दामूला घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढलं तर जगेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको, आमची वहिनी, म्हणाली, “मुका राहू दे, पन राहू दे.” काढलं. आवाज गेला, आणि वर्षाच्या आत तोही गेला. भांडायचं कुणाशी, हे मला अजून कळलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पाड्यातल्या लोकांनी तोच सिनेमा लावायला सांगितलं. दिवेलागणीला अंगणात पडदा लागला. मी दामूचं मशीन सुरू केलं, नेहमीसारखं मुकंच. लोक वाट बघत बसले... बटणाचा प्रसंग आला आणि ती शांतता मला सोसेना. मी आवाज वाढवला. त्या नटीचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. हळू, थकलेला, फार सुंदर. दामूला सांगायला हवं, असं क्षणभर वाटूनही गेलं.

वहिनी उठून पडद्याशेजारी आली.

“ही कोन बोलते?” तिने विचारलं. “बंद कर हिला.”

मी आवाज बंद केला. कुणीच उठलं नाही. पडद्यावर त्या बाईचे ओठ हलत होते आणि आम्ही सगळे ऐकत बसलो होतो.