दाद देऊ नये, ही नम्र विनंती

आमच्या घरात देवांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या युनियनची पत्रकं लिहिली, पोलोग्राउंडच्या एका छापखान्यात छापून घेतली आणि गेटवर उभं राहून वाटली. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. (‘क्रांती, दूध उतू चाललंय’ हे आमच्याकडे रोज ऐकू यायचं.) त्यामुळे जगात काही बिघडलं की पत्रक काढायचं, हे माझ्या रक्तातच आहे.

आणि इंदूरच्या घरगुती मैफलींत फारच बिघडलं होतं! पंचवीस-तीस माणसं, गायकाच्या गुडघ्याला टेकलेली पहिली रांग, माईक नाही. असं गाणं थेट अंगावर येतं, म्हणून मी वेड्यासारखी जाते. पण ऐकू काय येतं? एकजण ‘हाय हाय’ करतो, दुसरा मांडी बडवतो, आणि या सगळ्यांचे पुढारी आमचे बाबा. सम यायच्या आधीच त्यांचं ‘क्या बात है’ येऊन बसलेलं असतं.

अशात उज्जैनच्या नलूताई आमच्याकडे गायला तयार झाल्या. जागा माझ्या मामाची: पलासियातला त्याचा कोचिंग क्लास, रविवारी सकाळी रिकामा असतो. दर महिन्याला याल का, असं मी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, ‘‘आधी एकदा गाऊन बघते. श्रोते कसे आहेत ते कळू दे.’’

श्रोते कसे आहेत ते मला माहीत होतं! मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. कलम तीन असं होतं: ‘कार्यक्रम संपेपर्यंत वाहवा, हाय-हाय, मांडीवर थाप, मान डोलावणे हे सर्व बंद. श्रोत्याचे मौन हीच कलेची खरी सेवा!’

बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘छापून आणतो.’’ मला वाटलं, चिडले. चिडले नव्हते. छापलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्यांनी ते आपल्या गिरणीतल्या सगळ्या दोस्तांना वाटलं, आणि वर बजावलं, ‘‘देखो भिया, पोरीनं काढलंय. शिस्त म्हणजे शिस्त.’’

रविवारी सगळे पोहे खाऊन, हात पुसून, गादीवर रांगेत बसले. ताईंच्या मागच्या फळ्यावर शनिवारची भूमिती तशीच होती. त्यांनी तोडी सुरू केली आणि पहिल्याच आवर्तनात अशी काही जागा घेतली की माझ्या अंगावर काटा आला. समोर पाहिलं तर मूक मोर्चा बसलेला. बाबांनी तोंडात रुमाल कोंबला होता.

ताईंनी तीच जागा पुन्हा घेतली. मग पुन्हा. कोणी हललं नाही. तबलजीला वाटलं, तबलाच उतरलाय. त्याने हातोडी काढून ठोकायला सुरुवात केली. ताईंनी थांबून विचारलं, ‘‘मागे ऐकू येतंय ना?’’ कोणी हूं की चूं केलं नाही. (मान डोलावणंही मीच बंद केलं होतं.)

दीड तासाची तोडी त्यांनी अर्ध्या तासात आटपली आणि मामाकडे वाकून हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, कोणी गेलंय का यांच्याकडचं? आधी सांगायचं, मी निर्गुणी भजन गायले असते.’’ आणि तानपुऱ्याची गवसणी जवळ ओढली.

दर महिन्याचं गाणं गवसणीत जाताना मला स्वच्छ दिसत होतं. मी बाबांच्या कानाशी गेले. ‘‘बाबा, प्लीज, दाद द्या.’’

बाबांनी रुमाल काढला. ‘‘कलम तीन.’’

‘‘मी मागे घेते ते.’’

‘‘तोंडी नहीं चलता बेटा. पत्रक मागे घ्यायचं तर दुसरं पत्रक काढावं लागतं.’’ आणि रुमाल परत तोंडात!

मामाने हात जोडले म्हणून ताई एक छोटी भैरवी गायला बसल्या. आता उरले मी. मी आयुष्यात दाद दिलेली नव्हती. माझ्या तत्त्वात ते बसत नव्हतं. पण पहिला मोका दिसला आणि मी जीव तोडून ओरडले, ‘‘वाह! क्या बात है!’’

ताई तेव्हा पाणी पीत होत्या.

त्यांना ठसका लागला. सगळी खोली माझ्याकडे वळली आणि बाबांचा रुमाल सुटला. ‘‘अगं, समेवर! समेवर दे! पाण्याच्या घोटावर कोण देतं?’’

ताई खोकता खोकता हसायला लागल्या. मामाने लगेच पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कलम तीन मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘हे रद्द. गाणारी मी आहे.’’ झालं! सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. मग ती छोटी भैरवी संपता संपेना. प्रत्येक समेवर मांड्या बडवल्या जात होत्या, आणि खरं सांगते, गाणं त्याने वर वर चढत होतं. एवढा गोंधळ आणि एवढं गाणं मी एका खोलीत कधी ऐकलं नव्हतं.

ताई आता दर महिन्याला येतात. त्यांची अट एकच आहे आणि ती बाबांनी रीतसर छापून घेतलीय: ‘श्रोत्यांनी मनमोकळी दाद द्यावी. अपवाद: क्रांती.’

मजकूर मीच लिहून दिला. पत्रक मागे घ्यायचं तर दुसरं पत्रक काढावं लागतं ना!