दाराला वीस सेकंद जादा

माझ्या जुन्या निगेटिव्ह मुलीनं दादरच्या एका स्टुडिओत स्कॅन करून घेतल्या आणि त्यातल्या एकीची मोठी इंकजेट प्रिंट माझ्या वाढदिवसाला दिली. मी लगेच भिंतीवरची फ्रेम उतरवली. तोच फोटो बावीस वर्षांचा असताना मी कॉलेजच्या डार्करूममध्ये स्वतः छापला होता. लालबागच्या चाळीत, आमच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील. कुठली प्रिंट सरस, ते मला मुलीला दाखवून द्यायचं होतं.

दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. "अण्णांच्या मागचं दार बघ," मी म्हणालो. "असा काळा तुमच्या शाईला जमायचा नाही."

"पण बाबा, माझ्या प्रिंटमध्ये दारात कुणीतरी उभं आहे."

मी चष्मा पुसून वाकलो. तिच्या प्रिंटमध्ये दार करडं होतं आणि चौकटीला खांदा टेकून माझी ताई उभी होती. दोन वेण्या, हसरी. ताईनं जातीबाहेर लग्न केलं, माहीमला गेली, त्या आठवड्यात अण्णांनी तिचे सगळे फोटो फाडले होते. तिचा तरुणपणीचा एकही फोटो उरला नाही, असंच मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

मुलीनं माझी प्रिंट फ्रेममधून काढून उलटी केली. मागे पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात: 'दाराला वीस सेकंद जादा.'

डार्करूममध्ये कागदाच्या एखाद्या भागावर जास्त वेळ उजेड पाडला की तो भाग काळा होतो. ताईला मीच बुजवलं होतं. अण्णा म्हणाले होते, "फोटो लाव, पण ती दिसता कामा नये." मी 'बरं' म्हणालो होतो. हे मी विसरलो कसा?

दुसऱ्या दिवशी फोन करून ताईला बोलावलं. सत्तरी उलटलेली ताई दोन्ही प्रिंट बराच वेळ बघत राहिली. मागचं अक्षरही तिनं वाचलं.

"अण्णांच्या बाराव्याला आले होते, तेव्हा हा फोटो बघितला होता मी," ती म्हणाली. "वाटलं, तू बटण दाबलंस तेव्हा मी आत वळले असेन. तूच हाक मारलीस म्हणून दारात आले होते रे."

तिनं पेन्सिलीच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"वीस सेकंद म्हणजे बराच वेळ. काय चाललं होतं तुझ्या मनात?"

"आकडे मोजत होतो," मी म्हणालो. खरं तेच होतं.

तिनं मान हलवली. चहा अर्धाच प्यायली. इंकजेटची प्रिंट गुंडाळून मागून घेतली आणि टॅक्सीनं गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "नात म्हणते, ही तर मीच!" ती हसत होती. मी 'हो, हो' म्हणत राहिलो.