हौसाची वाढ आणि खालची दांडी

“बाई, हिचं नाव खोडा,” साताऱ्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडणाऱ्या समितीचे सचिव म्हणाले. “परदेशातल्या जिम्नॅस्ट पाहा. पूर्वी चांगल्या थोराड बायका असत, आता दर खेपेला आधीपेक्षा लहान मुली. ही पाच फूट चार इंच. हिला खो-खोला पाठवा.”

हौसा समोरच उभी होती. आटपाडीकडच्या एका सुभेदाराची ही सतरा वर्षांची लेक सांगलीत मावशीकडे राहून पाच वर्षे माझ्या हाताखाली शिकत होती. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली आणि अनइव्हन बार्सवर ती अडखळू लागली. या साधनात एक उंच, एक बुटकी अशा दोन दांड्या असतात. वरच्या दांडीला लटकून झोका घ्यायचा आणि खालच्या दांडीवर कमरेत अलगद दुमडायचे. हौसा आदळत असे. तो बोथट आवाज हॉलभर घुमे.

“आठ दिवस द्या,” मी म्हणाले.

“दिले. पण वजनाचं बघा.”

ते मी आधीच बघून बसले होते. ‘पोट कमी कर,’ असे मीच तिला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. हळदीच्या वखारीत कामाला असत. पदराला तो उग्र, मातकट गंध होता.

“आवं बाई, चार दिस झालं, पोरगी भाकरीला शिवंना. उपाशी पोटानं कुणी कवा उडालंय व्हय?”

मी हौसाला आत नेऊन पाहिले. पोटावर निळाजांभळा पट्टा उमटला होता. कमरेच्या घडीत नव्हे, चार बोटे वर. पोट सुटलेले नव्हते. हात आणि धड लांबले होते, आणि दांडी होती तिथेच होती. आमचे साधन गावातल्या लोहारतात्यांनी घडवलेले. दोन दांड्यांमधले अंतर बोल्टने कायमचे पक्के. माप मीच दिले होते, बारा वर्षांच्या मुलींचे.

मी तात्यांना हॉलवर बोलावून घेतले. त्यांनी हौसाला वरच्या दांडीला लटकवले. “आता हलू नगंस, पोरी.” मग खडूने खूण करीत माझ्याकडे वळले. “पोरींचं झगं वर्साला बदलता, बाई. लोखंड पाच वर्सं त्येच?”

मी पाना आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पायाच्या पट्टीत नवी भोके पाडली आणि खालची दांडी वरच्या दांडीपासून लांब सरकवली. तापलेल्या लोखंडाचा वास हॉलमध्ये दिवसभर रेंगाळला.

“आता जेवायचं का?” हौसाने विचारले.

“दोन भाकरी. माझ्यासमोर.”

आठव्या दिवशी ती दांडीवर दुमडली तेव्हा आवाजच झाला नाही. लांब पायांची ती रेघ हवेत सावकाश उलगडली आणि चटईवर स्थिरावली. सचिवांनी चष्मा पुसला.

“गेल्या आठवड्यातलीच ना ही?”

“तीच. वजन जरा वाढलंय.”

त्यांनी नाव कायम ठेवले. साताऱ्याच्या स्पर्धेत आमच्या विनंतीवरून अंतर जुळवून दिले गेले आणि हौसा बार्सवर दुसरी आली. संघाच्या फोटोत तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली जेमतेम तिच्या खांद्याला लागतात. तो फोटो मी आजही पाहुण्यांना विचारण्याआधीच दाखवते.

नव्या प्रशिक्षकांना मी एवढेच सांगते : मुलगी साधनात मावेनाशी झाली, तर आधी पाना आणा. वजनकाटा कुठे पळून जात नाही.