आपल्याच दाराची बेल

रेव्हरंड शांतवन आढाव यांची आणि माझी पहिली भेट वाशीच्या एका रुग्णालयात झाली. माझे वडील तिथे शेवटच्या आजारात होते. शेजारच्या खाटेवर आढावसाहेबांच्या मंडळीतले एक गृहस्थ होते आणि त्यांना भेटायला साहेब रोज संध्याकाळी येत. हातात एक घडीचे, बुटके स्टूल असे. ते खाटेजवळ उघडून त्यावर बसत. बसले की त्यांचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्याच्या पातळीवर येई. बाकीचे आम्ही, डॉक्टर, नातेवाईक, सगळे उभे असू.

वडिलांनी एकदा विचारले, "तुम्ही कशाचे डॉक्टर?"

"डॉक्टर नाही. पाळक आहे, ख्रिस्ती मंडळीचा."

"पाळक म्हणजे? मेंढरं राखता?"

"तसंच म्हणतात. पण मेंढरं ऐकतात."

वडील हसले. त्या आजारात ते हसल्याचे मला एवढेच आठवते. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी आपले स्टूल दोन खाटांच्या मधे मांडले.

स्टूल कशासाठी, असे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "उभ्या माणसाशी बोलायचं तर आजाऱ्याला मान उचलावी लागते. देवानं आपल्याला तेवढे कष्ट दिले नाहीत. तो खाली आला." उपदेशकाचे वाक्य म्हणून मी ते सोडून दिले. वडील गेले तेव्हा ते स्मशानात आले. "तुमच्यात काय करतात ते सांगा, मी ते करतो," एवढेच म्हणाले, आणि खांदा दिला. साताऱ्याहून आलेल्या काकांनी मला हळूच विचारले, हे आपल्यातले कोण? शेजारच्या खाटेजवळ बसणारे, मी म्हणालो.

मी ख्रिस्ती नाही. कोणत्याही देवळात मी नियमाने जात नाही. नेरूळच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत असे, आणि या एका कारणाने साहेब शुक्रवारी आपला रविवारचा उपदेश घेऊन माझ्याकडे येऊ लागले. भाषा तपासून द्या, म्हणाले. मी विशेषणे खोडत असे. एकदा "आशेचा किरण" असे लिहिले होते. तेही खोडले. ते कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं. मी तरी कुठं पाहिलाय." त्यानंतर त्यांच्या उपदेशात किरण आला नाही. आशा येत राहिली. ती खोडायची नाही, असे त्यांनी बजावले होते.

त्यांची मंडळी लहान आहे. नेरूळच्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी उपासना होते. तत्पूर्वी बाके सरकवावी लागतात, नंतर पुन्हा जागेवर लावावी लागतात. बाके लावून झाल्याशिवाय पाळकसाहेब घरी जात नाहीत. माणसे बहुतेक कोपरखैरण्याची, तुर्भ्याच्या कारखान्यांत काम करणारी. अशाच एका घरातले तान्हे मूल गेले, तेव्हा साहेब तिथे दुपारभर बसले आणि काही बोलले नाहीत. मुलाची आजी संतापली. "पाळक असून तोंडातून एक शब्द निघत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. शुक्रवारी मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "शब्द होते. पण ते माझ्या उंचीवरून निघाले असते." दुसऱ्या दिवशी ते त्या घरी पुन्हा गेले होते. पाणी यायची वेळ होती. त्यांनी पिंप भरले. आजीने त्यांच्या हातातली बादली घेतली नाही, आणि पुन्हा काही बोललीही नाही.

आता एस्तरबाईंविषयी लिहायला हवे. त्यांना वगळून पंचाहत्तरीच्या या ग्रंथात पाळकसाहेबांचा गौरव करता येणार नाही.

एस्तरबाई त्यांच्या पत्नी. मंडळीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी रविवारच्या शाळेत शिकवले. नाताळला मुलांचे नाटक त्याच बसवत. जुन्या चादरींचे देवदूत, पुठ्ठ्याची गव्हाण. गव्हाणीत बाहुली ठेवायला त्यांचा विरोध असे. खरे बाळ हवे, रडले तरी चालेल, म्हणत. ते रडेच, आणि देवदूतांचे बोलणे कुणाला ऐकू जात नसे.

काही वर्षांपूर्वी त्या विसरू लागल्या. आधी नावे, मग वार, मग घर. एका सकाळी त्यांनी पाळकसाहेबांना विचारले, "आपण कोण?"

साहेबांनी तेव्हा जे केले ते आपल्यापैकी कुणीही केले असते. त्यांनी सांगितले. मी शांतवन, तुझा नवरा. लग्नाचा फोटो दाखवला. तो फोटो त्यांनी स्वयंपाकघरातही लावला. पुन्हा सांगितले, सावकाश सांगितले, कधी आवाज चढवून सांगितले. कित्येक महिने हे चालले. प्रत्येक वेळी बाई घाबरत. घरातला एक परका पुरुष आपण त्यांचा नवरा असल्याचे सांगतो आहे, एवढेच त्यांना कळत होते.

एके दिवशी त्या दार उघडून ओरडू लागल्या. समोर मंदाताई राहतात. करावे गावच्या मूळ रहिवासी. सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्या धावत आल्या.

"यांना बाहेर काढा," एस्तरबाई म्हणाल्या. "हे घरात शिरलेत."

"अवो बाई, यो तुमचा मालक हाय."

"मी यांना ओळखत नाही."

मंदाताईंनी साहेबांकडे पाहिले. "साहेब, जरा बाहेर बसा. मी हाय इथं."

पाळकसाहेब आपल्याच घरातून बाहेर पडले आणि जिन्यात बसले. बसून काय विचार केला, ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. पुढचे सांगितले. सकाळी त्यांनी खाली गिरणीत दळण टाकले होते. ते उठले, खाली गेले, पिठाचा डबा घेऊन वर आले आणि त्यांनी आपल्याच दाराची बेल वाजवली.

"कोण पाहिजे?" एस्तरबाईंनी विचारले.

"दळण आणलंय, बाई."

"ठेवा तिथं." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उन्हातून आलात. चहा घेणार का?"

त्यांनी घेतला. चहात साखरेऐवजी मीठ होते. तो त्यांनी पूर्ण संपवला. संध्याकाळी स्वयंपाकघरातला फोटो काढून ठेवला.

त्या दिवसापासून पाळकसाहेब आपल्या घरात बाई म्हणतील ते होऊन राहतात. कधी दळण आणणारे, कधी बाईंचे धाकटे भाऊ, कधी शाळेचे शिपाई. भाऊ असले की त्यांना रागावून घ्यावे लागते, कारण या भावाने कधी काळी विहिरीत बाईंची पाटी टाकली होती. ते रागावून घेतात. मग भरवतात. दुसऱ्या कुणाच्या हातून बाई जेवत नाहीत.

त्या वर्षीचा नाताळचा उपदेश त्यांनी मला तपासायला दिला, तेव्हा त्यात खोडण्यासारखे काही नव्हते. तो जेमतेम पानभर होता. त्याचा आशय असा: देव वरून पुष्कळ काळ सांगत राहिला की मी कोण आहे. माणसे घाबरली, किंवा त्यांनी ऐकले नाही. मग तो बोलायचा थांबला आणि आला. तो स्वतःच्याच घरी आला, आणि घरच्यांनी विचारले, कोण पाहिजे? त्याने ओळखपत्र काढले नाही. जे काम समोर होते ते केले, जे दिले ते प्याला. तो माणूस झाला याचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. उपदेशात एस्तरबाईंचे नाव नव्हते. त्या पहिल्या रांगेत मंदाताईंशेजारी बसल्या होत्या आणि मोठ्याने विचारत होत्या, हे कोण बोलतायत, चांगलं बोलतात.

मी त्यांना एकदा सरळ विचारले, "त्या तुम्हाला पुन्हा ओळखतील, अशी आशा आहे तुम्हाला?"

"इथं नाही."

"मग आशा कशाची?"

ते म्हणाले, "ती स्वतःला विसरली. पण ती कोण आहे हे मला माहीत आहे, म्हणून ती हरवलेली नाही. उद्या मीही विसरेन. तेव्हा आम्हा दोघांना ओळखणारा कुणीतरी आहे, एवढीच आशा. ती काही फार उजेडाची नाही, सर. पण बसायला पुरते."

मला हे पटले, असे मी लिहिणार नाही. मी ते खोडले नाही.

गेल्या वर्षी साहेबांच्या हृदयाचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे आणि ते ती पाळत नाहीत. मंदाताई मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मानूस चांगला हाय, पन सोताला जपत नाय. याला काय झाला तं बाईंना कोन भरवील? मी घास नेला तं तोंड फिरवतान." या घरावर आज जे सावट आहे ते मंदाताईंनी दोन-तीन वाक्यांत सांगितले. त्यात भर घालता येत नाही.

या गौरवग्रंथाचे काम पाहणारे विल्सन मकासरे यांचा मला फोन आला होता. "सर, लेख जरा पॉझिटिव्ह ठेवा. नाताळच्या कार्यक्रमात प्रकाशन आहे. शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा असू द्या, सगळ्यांनी दिल्यात."

हे मी पाळकसाहेबांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "फार लांबवू नका म्हणावं. बेतानं मागा."

"बेतानं म्हणजे किती?"

"तिच्यानंतर एक दिवस."

"मी कुणाकडे मागत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"या वेळी मागा," ते म्हणाले. आणि घड्याळाकडे पाहून उठले, कारण बाईंच्या जेवणाची वेळ झाली होती. जाताना त्यांनी खालून पिठाचा डबा घेतला असणार.

म्हणून पंचाहत्तरीनिमित्त मी एवढेच मागतो. पाळकसाहेबांच्या हृदयाला तेवढे बळ राहो. गुडघे जिना चढत राहोत. हात घास भरवताना कापू नयेत. एस्तरबाईंच्या आयुष्याहून त्यांचे आयुष्य एका दिवसाने अधिक असो. आणि मग त्यांनी एकदा हातात काही न घेता घरी जावे. तिथे दार उघडणारी बाई त्यांना नावाने हाक मारील, असे ते मानतात. त्यांचे मानणे खरे ठरो.