घरात बाळंतीण नसताना

दर रविवारी सकाळी आमच्याकडे पालीहून तेल लावणारी मावशी येते आणि घरात तान्हं बाळ नाही, हे आमच्या गल्लीला अजून पचत नाही. न पचो. मला झोप लागायला लागली, मान वळायला लागली, शाळेत पोरांवर उगाच खेकसणं कमी झालं. मला तेवढं पुरे.

हे सगळं सुरू झालं सुनेपायी. ती माहेरी गेलेली असताना पाचव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. महिन्याभरानं बीडला परतली ती गप्पच. भाकरी टाकायची, धुणं धुवायची, विचारलं तर "हो आई", "न्हाई आई". बास. दाराबाहेर पाऊल नाही. गल्लीला एवढंच ठाऊक, की हिला दिवस गेलेत. पोरगा म्हणायचा, "राहू दे गं, होईल नीट." काय कप्पाळ नीट होईल? मला घरात बसवेना, शाळेत लक्ष लागेना. तवा तापत ठेवून मी अंगणात, अंगणातून गच्चीवर, आणि गच्चीवर कशाला आले तेच आठवेना. पोरगी आतल्या आत कुढून जाईल, या धास्तीनं माझाच जीव टांगलेला. महिन्यामागून महिने गेले आणि मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर अख्खी बाईच वळायची. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, अंग चोळून घेत जा.

आता आमच्याकडे तेल लावतात ते बाळंतिणीला आणि बाळाला. धडधाकट बाईनं पाय पसरून अंग रगडून घ्यायचं म्हणजे थेरंच की! तरी मी मावशीला बोलावलं.

तिनं करडईचं तेल कोमट केलं आणि मला चटईवर पालथं पाडलं. मी एका जागी पडेन तर शपथ. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मोबाइल कुणाचा वाजला, सुनेच्या बांगड्या वाजतायत का, सगळं ध्यान तिकडं.

"बाई, अंग सोडा की! लाकडागत काय पडल्यात?" मावशी ओरडली.

सोडायचं म्हणजे काय करायचं, तेच कळेना. तिचा अंगठा खांद्यात रुतला, मी आई गं म्हणून कळवळले, आणि मग कुठं श्वास जरा खाली उतरला.

घोटाळा पुढंच झाला. चोळून झाल्यावर मावशीनं सवयीनं शेगडीत निखारे घेतले, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या अन् मला धुरी दिली. तो वास गल्लीभर गेला. ही धुरी म्हणजे घरात बाळंतीण, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यात सुनेचे दिवसही त्याच सुमारास भरले असते. जराशानं शेजारीण दारात, हातात खारीक-खोबऱ्याची पिशवी. दार उघडलं सुनेनं.

"आगं बया! तू कशाला उठलीस गं? बाळ कुठं हाय?"

"बाळ न्हाई, काकू," सून म्हणाली.

मी कशीबशी साडी गुंडाळून पुढं आले तोवर शेजारणीचं तोंड पांढरं पडलेलं. ती पिशवी तशीच घेऊन मागं फिरली. मला इतका संताप आला! तिचा, धुरीचा, त्या डॉक्टरचा.

"इझवा ती शेगडी अन् निघा तुमी!" मी मावशीवर खेकसले.

मावशी बिचारी गोंधळून उठायला लागली.

"थांबा मावशी," सून म्हणाली. इतक्या महिन्यांत ती आपणहून बोलली ती पहिल्यांदा. "मला बी लावा. मूल नसलं तरी लावता न्हवं?"

मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि चटई झटकली. "ये, माय."

मी उंबऱ्यातच बसले. उठवेना आणि बघवेना. मावशीनं तिचे पाय चोळले, पाठ चोळली, मग उताणं करून पोटावर तेल घातलं. तसा सुनेनं तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पोरगी होती, मावशी," ती म्हणाली. "एवढुशी बोटं होती तिला."

मुलगी होती, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सून धाय मोकलून रडायला लागली. मी सरकत सरकत तिच्यापाशी गेले, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आणखी सांग," मी म्हणाले. "कशी होती गं माझी नात?"