काट्यावरचं कुंकू

गन ऑइलचा वास आला की मला टेक्सासमधल्या प्लेनोतली ती खंडेनवमी आठवते. नागपूरहून आलेल्या आईने घरातल्या सुऱ्या, कात्र्या, माझा लॅपटॉपसुद्धा पुजला होता. शेजारचे अमेरिकन आजोबा गॅरेजमध्ये त्यांची लिव्हरवाली जुनी पॉइंट टू-टू रायफल पुसत होते, विकायला काढलेली. दुर्बीण लावून नेम धरणं त्यांना पटत नव्हतं, आणि नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा काळा काटा टार्गेटच्या काळ्या वर्तुळात त्यांना हल्ली दिसेनासा झाला होता. आई पूजेचं ताट घेऊन थेट तिकडे गेली. "आई, इथे दुसऱ्याच्या गनला हात लावत नाहीत!" असं मी ओरडेपर्यंत तिने ओलं कुंकू नेमकं त्या काट्यालाच लावलं. "शस्त्र आहे ना? मग!" मी सॉरी सॉरी करत राहिलो. आजोबांनी रिकामी रायफल खांद्याला लावून भिंतीवरच्या टार्गेटवर नेम धरला आणि कितीतरी वेळ ती खाली घेतलीच नाही. "आय कॅन सी इट," ते हळूच म्हणाले. रायफल काही विकली गेली नाही. आता आई नाही, पण दर खंडेनवमीला आजोबा रायफल घेऊन, बूट काढून आमच्या दारात येतात. "काट्याला लावायला दुकानात पक्का लाल रंग मिळतो," मी एकदा सांगून पाहिलं. "आय नो," ते म्हणाले, आणि रायफल तशीच पुढे धरून उभे राहिले.